चौथा हात

मारेगावच्या बसस्टँडमागे, पंक्चरच्या दुकानाला लागून
टेकामकाकाचं मोटर वाइंडिंग.
पाटीवरच्या 'मिळतील'मधला मि पुसला होता,
त्याने कोणाचं काही अडलं नाही.
मी आठवीत. शनिवारची अर्धी शाळा सुटली
की तांब्याचे वेढे मोजायला बसायची,
वार्निशचा वास वेणीत घेऊन घरी जायची.

एकदा पारबताबाई आली, काखेत मिक्सर,
पकडून आणलेल्या कोंबडीसारखा.
उद्या नातीचं बारसं, सव्वाशे पानं, अन् चटणी वाटायची.
"आधी चिंगाऱ्या मारे बाप्पा. आता मुकाच झाला."
काकाने बूड उघडलं.
दोन बाजूंचे दोन कार्बन झिजून
हरभऱ्याच्या डाळीएवढे.
नवे मिळणार वणीला, आणि वणीची शेवटची गाडी गेलेली.
"नलू, फेकलेले सेल आन."

चार सेल सोलले. जस्ताची सालं बाजूला,
आतला काळा चिखल बाजूला,
मधली कांडी फक्त ठेवायची.
पायरीच्या फरशीवर घासघासून गोलाची चौकोनी केली.
बोटं काळी, नाक काळं,
फरशीवर एक पट्टा उमटला, तो अजून असेल.

बटण दाबलं.
मिक्सर असा ओरडला की पारबताबाईने कान झाकले
आणि हसत राहिली.

"कोळशातून लाइट कसा जाते गा काका?"
"कोळसा नोहे तो. कोळशाचा शहाना भाऊ."
त्यापुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.
एवढंच ठाऊक, की फिरत्या तांब्याला तांबंच लावलं
तर दोघं एकमेकाले खातात.
"हा धरत न्हाई पोरी. नुसता टेकून रायते."
(इथे चंदन आठवू नका.
काकाच्या अंगाला विडीचा वास यायचा.)

पुढे यवतमाळला, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला,
बाईंनी फळ्यावर षटकोनाला षटकोन जोडले,
कोंबड्या झाकायच्या डाल्याची वीण असते तसे.
कार्बनला हात चार.
हिऱ्यात चारही गुंतलेले, म्हणून तो नुसता चमकतो,
वीज त्याच्या दारातून परत.
ग्रॅफाइटचे तीन हात तीन शेजाऱ्यांत,
चौथ्यात जे आहे ते एकट्याचं नाही,
अख्ख्या थरावर हिंडतं.
थरावर थर, मधे फट.
थरातून वीज धावते. थर ओलांडताना अडखळते.

"फटीत पाहुणे बसवता येतात," बाई म्हणाल्या.
पोटॅशियम आलं तर रिकाम्या हाताने येत नाही,
स्वतःजवळचं थरांना देऊन बसतं;
काळा ग्रॅफाइट तांबूस सोनेरी होतो,
वीज आणखी सैल धावते.
आणि फ्लोरिन?
ते मोकळा हातच पकडतं.
मग रंग उडतो, वीज थांबते.
मी वहीत लिहिलं: मुका.
बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली,
'विद्युतरोधक' असं लिहावे.

दिवाळीत काकाला सांगितलं सगळं.
त्याने आर्मेचर खाली ठेवलं, ऐकलं,
आपल्या हाताची बोटं मोजल्यासारखी पाहिली.
"म्हंजे सारेच हात कामाले लावू नये."
आणि परत तार गुंडाळू लागला, दोन्ही हातांनी.

आता मी झरीकडच्या एका शाळेत.
चौकोनी नऊ व्होल्टचा सेल, दाण्याएवढा लाल दिवा,
कागदावर पेन्सिलची जाड रेघ.
दुकानातली स्वस्त पेन्सिल चालत नाही, तिच्यात माती फार.
चित्रकलेची मऊ, काळी लागते, ती मी पगारातून आणते.

दिवा लागला तेव्हा वर्ग गप्प होता.
मग सुनंदा किनाके उठली, रेघ खोडरबराने मधेच तोडली,
दिवा गेला, तिने परत जोडली,
आला.
"मॅडम, रेघ किती लांब चालते?"
मला नेमकं सांगता येईना.
तिने पानाच्या टोकापर्यंत नेली. दिवा मंद.
वळवून परत आणली. आणखी मंद.
मुलं म्हणाली, विझला.
सुनंदा म्हणाली, थांबा,
आणि एकेक करून साऱ्या खिडक्या लावून घेतल्या.

होता.
मोहरीएवढा.